४८ केबीतला चौक

इंडियाना जोन्स आपल्या सगळ्यांना माहीत आहे. टोपी, चाबूक आणि सापांची भीती. हा गडी देवळात, वाळवंटात, नाझींच्या ट्रकवर, कुठेही सापडतो. पण १९८९ साली तो अशा एका जागी सापडला, जिथे हॉलिवूडने त्याला कधीच पाठवलं नव्हतं. प्रागच्या वेन्सेस्लास चौकात, लाठ्या घेतलेल्या पोलिसांच्या मधोमध!

हा सिनेमा नव्हता, कॉम्प्युटर गेम होता. नाव साधारण असं: 'इंडियाना जोन्सची साहसं, वेन्सेस्लास चौक, प्राग, दिनांक १६ जानेवारी १९८९'. गेमचं नाव की पंचनाम्याचं शीर्षक असा प्रश्न पडावा. खाली लेखकाचं खरं नाव नाही, फक्त एक टोपणनाव. किंमत नाही, कंपनी नाही, खोका नाही. पडद्यावर मजकूर येतो, तुम्ही आज्ञा टाइप करता, पुन्हा मजकूर येतो. आणि जरा चुकीच्या दिशेला पाऊल टाकलंत की पोलीस तुम्हाला मारून टाकतात. गेम ओव्हर.

गेम्स आणि संस्कृती यांवर बोलणं निघालं की गाडी नेहमी एकाच स्टेशनवर थांबते. "आपल्या पुराणांवर एक भारी गेम का नाही होत राव?" प्रश्न चांगला आहे. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे, की संस्कृती गेममध्ये येते ती वेशभूषेतून. धोतर, देऊळ, तलवार, झाला आपला गेम. चेकोस्लोव्हाकियातल्या पोरांची गोष्ट वाचल्यापासून मला वाटायला लागलंय की खरी गंमत दुसरीकडेच आहे. गेममध्ये काय दाखवलंय यापेक्षा गेम *कोणाशी* बोलतोय, तिथे प्रदेश दिसतो.

तर गोष्ट अशी.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, आणि थोडंसं मोकळं होऊ पाहणारं चेकोस्लोव्हाकियातलं सरकार गुंडाळलं गेलं. पुढची वीस वर्षं राजवटीने या अवस्थेला 'नॉर्मलायझेशन' असं नाव दिलं होतं. (सरकारी शब्दांची एक वेगळीच चव असते.) याच काळात तिकडे पश्चिमेत घरगुती कॉम्प्युटर आले. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम निघाला. रबरी बटणांचा चिमुकला डबा, टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम ऑडिओ कॅसेटवरून लोड करायचा. इंग्लंडात तो दुकानात मिळायचा. प्रागमध्ये काय?

प्रागमध्ये तो साध्या दुकानात मिळत नसे. पाश्चात्त्य देशांनी पूर्वेकडे तंत्रज्ञान पाठवण्यावर बंधनं घातलेली होतीच, आणि इकडच्या नियोजित अर्थव्यवस्थेला घरगुती कॉम्प्युटर ही गरजच वाटत नव्हती. मग कोणाचा काका पश्चिम जर्मनीतून येताना सामानात घेऊन यायचा. कोणी 'तुझेक्स' नावाच्या खास दुकानांमध्ये खेटे घालायचा, जिथे परकीय चलनाच्या कुपनांवर परदेशी माल मिळत असे. (ऐंशीच्या दशकात आपल्याकडे "दुबईहून आणलाय" म्हणून टेपरेकॉर्डर दाखवणारे शेजारी आठवून बघा. वडिलांना विचारा, ते सांगतील.) देशी यंत्रंही हळूहळू आली. स्लोव्हाकियातल्या पिएश्त्यानीमध्ये टेस्ला कारखान्याने १९८५ पासून पीएमडी-८५ बनवला, तो बराचसा शाळांमध्ये गेला. १९८७ पासून स्कालित्सा गावातल्या एका सहकारी संस्थेने 'डिडाक्टिक गामा' काढला. हा सरळसरळ स्पेक्ट्रमचा जुळा भाऊ, त्यामुळे स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम त्यावर चालायचे.

मशीन मिळालं, पण शिकायचं कुठे, कॅसेटी आणायच्या कुठून? इथे गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता विनोद येतो. देशात 'स्वाझार्म' नावाची एक संघटना होती, म्हणजे लष्कराशी सहकार्य करणारा संघ. तरुणांनी नेमबाजी, विमानोड्डाण, रेडिओ वगैरे शिकावं आणि वेळ आलीच तर देशाच्या कामी यावं, ही कल्पना. या निमलष्करी संघटनेच्या छत्राखाली ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर क्लब निघाले. कागदोपत्री समाजवादी तरुणांचं तांत्रिक शिक्षण चालू. प्रत्यक्षात पोरं बसून इंग्लंडातून आलेल्या गेमच्या कॅसेटींच्या कॉप्या मारतायत! अर्थात सगळेच खेळत होते असं नाही. प्रागच्या ६०२ क्रमांकाच्या शाखेतून पुढे 'टेक्स्ट ६०२' हा वर्ड प्रोसेसर आला, आणि तो देशभर ऑफिसांमध्ये वापरला गेला. कंपनीच्या नावात तो शाखा क्रमांक राहिला तो राहिलाच.

हा सगळा इतिहास यारोस्लाव श्वेल्ख या चेक अभ्यासकाने 'गेमिंग द आयर्न कर्टन' या २०१८ च्या पुस्तकात नीट मांडलाय. ऐंशीच्या दशकातल्या गेम्सचा इतिहास म्हटलं की अमेरिका आणि जपान, फार तर इंग्लंड, एवढंच वाचायची आपल्याला सवय. बाकीचं जग जणू तेव्हा झोपलेलं होतं.

आता त्या कॅसेटींकडे येऊ. चेक पोरांपर्यंत जे इंग्लिश गेम पोचत होते ते कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी या रूपात. खोका नाही, मॅन्युअल नाही. शाळेत रशियन सक्तीची, त्यामुळे बऱ्याच जणांचं इंग्रजी बेताचंच. धावाधावीच्या गेमला भाषा लागत नाही. पण त्या काळी इंग्रजीत लोकप्रिय असलेले 'टेक्स्ट ॲडव्हेंचर', म्हणजे वाचून आणि टाइप करून खेळायचे गेम, या पोरांच्या डोक्यावरून जायचे. शब्दच कळला नाही तर दार उघडणार कसं?

मग काही पोरांनी ठरवलं, आपणच लिहू. आपल्या भाषेत.

त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे प्रागचा फ्रान्तिशेक फुका. जन्म १९६८, म्हणजे रणगाडे आले त्याच वर्षीचा. १९८५ साली, अकरावी-बारावीच्या वयात, त्याने 'इंडियाना जोन्स आणि विनाशाचं मंदिर' हा चेक टेक्स्ट गेम लिहिला. नाव अर्थातच 'टेम्पल ऑफ डूम' या १९८४ च्या सिनेमावरून घेतलेलं. हो, तोच सिनेमा. ज्यात अमरीश पुरी मोलाराम होऊन माणसाचं काळीज हाताने काढतो आणि राजवाड्यातल्या मेजवानीत माकडाचा मेंदू वाढतात. कथा भारतात घडते, पण आपल्या सरकारने पटकथा पाहून परवानगी दिली नाही आणि चित्रीकरण श्रीलंकेत झालं. तेव्हा आपल्याकडे चीड अशी होती की हॉलिवूडला भारत दिसतो तो हा असा. आणि त्याच हॉलिवूडचा तोच हिरो हजारो किलोमीटरवरच्या एका पोराने विनापरवाना उचलला आणि त्याला चेक बोलायला लावलं. फुकाने १९८७ मध्ये दुसरा भाग केला, १९९० मध्ये तिसरा. तोवर इतर लेखकांनीही इंडीला आपापल्या गेममध्ये कामाला लावलं होतं. इंडियाना जोन्स हा त्या पोरांचा सार्वजनिक हिरो झाला. आपल्या गावोगावच्या तमाशांत कृष्ण आणि पेंद्या जसे गरज पडेल तसे बोलतात, तसंच काहीसं.

या गेम्सना चेक आणि स्लोव्हाक भाषांमध्ये 'तेक्स्तोव्का' म्हणतात. आता आपण इंजिनियर लोक, तेव्हा थोडा हिशोब बघू. स्पेक्ट्रमची रॅम ४८ किलोबाइट. त्यातले ६,९१२ बाइट नुसत्या पडद्याच्या चित्राला जातात. पडद्यावर मजकुराच्या २४ ओळी, एका ओळीत ३२ अक्षरं. एवढ्यात चित्रं घालायला बसलात तर दोन-चार खोल्या काढून जागा संपते. मजकूर मात्र स्वस्त असतो. एका खोलीचं वर्णन दोन-तीनशे बाइटमध्ये बसतं. त्यात भर म्हणजे स्पेक्ट्रम चालू केला की समोर बेसिक भाषा तयारच असते, वेगळं काही विकत घ्यायला नको. म्हणजे चित्रकार नको, संगीतकार नको, पैसे नकोत. एका पोराला सुट्टीत जमेल असा हा प्रकार होता.

आणि लिपी? चेक भाषा रोमन लिपीतच लिहितात, पण अक्षरांवर चिमटे, टोप्या आणि काने असतात. स्पेक्ट्रममध्ये ती अक्षरं नव्हती. स्वतः काढायला २१ अक्षरांची जागा मोकळी असायची, ती कोणी वापरायचे. बरेच जण सरळ टोप्या उडवून लिहायचे आणि वाचणारा संदर्भाने समजून घ्यायचा. आपण रोमन लिपीत मराठी एसेमेस पाठवायचो तसंच. 'काळ' की 'काल' हे ज्याचं त्याने ओळखायचं. :-)

मजकूर स्वस्त असण्याचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. चित्रात सर्वसाधारण जंगल काढता येतं, सर्वसाधारण किल्ला काढता येतो. मजकुरात मात्र तुम्ही नेमकं बोलता. कुठला रस्ता, कुठलं हॉटेल, कुठला मास्तर. आणि हे गेम कोणासाठी होते? बाजारासाठी नव्हतेच, कारण बाजारच नव्हता. क्लबातल्या, शाळेतल्या तीसेक दोस्तांसाठी होते. त्यांच्याकडून पुढे कॅसेट कुठे जाईल ते जाईल. त्यामुळे गेममध्ये खाजगी विनोद, एकमेकांची खेचाखेची, दुसऱ्या लेखकांची नावं यांची रेलचेल. ब्रातिस्लाव्हाच्या स्तानिस्लाव हर्दा आणि मंडळींनी १९८७ साली 'फुक्सॉफ्ट' नावाचा गेम काढला, तो चक्क प्रागच्या फुकावर बेतलेला. म्हणजे एका गावच्या पोरांनी दुसऱ्या गावच्या पोराला गेममधलं पात्र करून टाकलं! कॉलेजच्या गॅदरिंगचे फिशपाँड आठवा. कॅसेट म्हणजे गेम कमी आणि मित्राला लिहिलेलं पत्र जास्त, असा तो मामला.

हळूहळू त्या पत्रांमध्ये राजकारण यायला लागलं. जाहीरनामा वगैरे म्हणून नाही, टिंगल म्हणून आलं. हर्दाचाच १९८८ चा 'शातोखिन' बघा. पाश्चात्त्य रॅम्बोला उत्तर म्हणून १९८५ साली सोव्हिएत युनियनने एक मारधाडपट काढला होता, त्याचा नायक मेजर शातोखिन. हर्दाच्या गेममध्ये तुम्ही हा मेजर. व्हिएतनामच्या जंगलात रॅम्बोला गाठायचं. आणि मेजरसाहेब पावलोपावली इतक्या हास्यास्पद रीतीने मरतात की शेवटी खेळाडू मुद्दाम चुकीची आज्ञा देऊन बघतो, आता कसा मरतोय म्हणून. त्याच वर्षी प्रागच्या मिरोस्लाव फीद्लरने 'प्रेस्ताव्बा' काढला. हा शब्द म्हणजे गोर्बाचेव्हच्या 'पेरेस्त्रोइका'चं चेक रूप, तेव्हा तो प्रत्येक सरकारी भाषणात असायचा. निर्मात्याच्या जागी नाव काय, तर 'यूव्ही सॉफ्टवेअर'. आणि 'यूव्ही' म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती! थोडक्यात, पक्षाची टर उडवणारा गेम पक्षाच्याच नावावर खपवलेला.

हे खपलं कसं? पुस्तकांना सेन्सॉर होता, नाटकांना होता, गाण्याच्या बँडला परवाना लागायचा. बंदी घातलेली पुस्तकं लोक टाइपरायटरवर कार्बन कॉप्या काढून वाटत, त्याला 'सामिझदात' म्हणत, आणि त्यासाठी तुरुंगात जात. गेम मात्र कोणाच्या हिशोबातच नव्हता. कॅसेटवरचा किर्र आवाज म्हणजे प्रकाशन आहे, हे कुठल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात येणार? दुर्लक्षित माध्यम होतं म्हणून ते मोकळं राहिलं. मला इथे आपल्याकडची साठच्या दशकातली लघु अनियतकालिकं आठवतात. अशोक शहाण्यांचं 'असो' १९६३ सालचं. सायक्लोस्टाइल, थोड्या प्रती, आणि मोठ्या मासिकांत जे छापलं गेलं नसतं ते सगळं. तिथे कोणी तुरुंगात जाणार नव्हतं, हा फरक मोठा आहे. पण 'आपल्या ओळखीच्या शंभर जणांसाठी काढतोय, मग घाबरायचं कोणाला' हा नूर तोच.

असो. (हा साधा असो.)

आता पुन्हा चौकात येऊ. वेन्सेस्लास चौक म्हणजे खरं तर चौक नाहीच, पाऊण किलोमीटर लांबीचा रुंद रस्ता आहे. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आणि घोड्यावर बसलेल्या संत वाक्लावचा पुतळा. १६ जानेवारी १९६९ रोजी यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधात इथे स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. वीस वर्षांनी, जानेवारी १९८९ मध्ये, त्याच्या स्मरणासाठी लोक चौकात जमले. आठवडाभर जमत राहिले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पाण्याचे फवारे सोडले, अश्रुधूर सोडला. १६ तारखेला नाटककार वाक्लाव हावेलला चौकात पकडलं आणि पुढे त्याला तुरुंगात टाकलं.

वर्तमानपत्रांत अर्थातच 'समाजविरोधी घटकांचा गोंधळ' छापाचा मजकूर आला. आणि कुठेतरी कोणीतरी स्पेक्ट्रमसमोर बसून त्या दिवसाचा गेम लिहिला. आपला ओळखीचा इंडी त्या चौकात उतरतो, तारीख १६ जानेवारी. ध्येय एकच, जिवंत निसटायचं आणि अमेरिकेला परत जायचं. गेम अतिशय हिंसक आहे. पोलीस मारतात आणि इंडीही त्यांना मारतो. थोर कलाकृती वगैरे नव्हे, संतापलेल्या माणसाचं लिखाण आहे. पण त्याचा परिणाम विचारात घ्या. ज्याने त्या आठवड्यात खरोखर लाठी खाल्लीय त्याने, किंवा घरच्यांनी जाऊ दिलं नाही म्हणून खिडकीत बसलेल्या पोराने, हा गेम लोड केला. पाचेक मिनिटं कॅसेटची किरकिर. मग पडद्यावर आपला चौक. उजवीकडे गेलं, मेलो. पुन्हा लोड. डावीकडे गेलं, मेलो. 'इथून सुटणं किती कठीण आहे' हे अग्रलेखात लिहिता येतं. गेममध्ये ते तुम्हाला दहा वेळा करून बघावं लागतं.

दहा महिन्यांनी, १७ नोव्हेंबर १९८९ ला, प्रागमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी तोही झोडपला, आणि काही आठवड्यांत राजवट कोसळली. २९ डिसेंबरला हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. गेममुळे क्रांती झाली असं म्हणणारा मी कोण? तसं कोणी म्हणतही नाही. पण त्या वर्षी लोकांच्या तोंडी काय होतं, पोरं कशावर हसत होती आणि कशाला भीत होती, याची नोंद त्या कॅसेटींमध्ये राहिली. ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हाक डिझाइन म्युझियमने अलीकडच्या वर्षांत यातले काही स्लोव्हाक गेम जतन करून इंग्रजीत आणले. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं बेसिकमधलं काम म्युझियमात!

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हे सगळं जग जवळजवळ पूर्णपणे मुलांचं होतं. क्लबात मुली अगदी थोड्या. 'आपल्या तीस जणांसाठी' लिहिण्याची जी मजा आहे, तिची ही दुसरी बाजू. त्या तिसांत कोण नाही, हे तिसांना दिसत नाही.

क्रांतीनंतर बाजार आला आणि चित्र पालटलं. आधी आली थट्टा. अमेरिकेत 'मंकी आयलंड' गाजला होता, तर १९९४ मध्ये चेक मंडळींनी 'गाढवबेटाचं रहस्य' काढला. पण देश लहान, १९९३ पासून तर दोन देश झालेले. घरच्या विक्रीवर पोट भरेना. मग बाहेर बघणं आलं. २००१ मध्ये 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' आला, प्रागच्या बोहेमिया इंटरॲक्टिव्हचा. २००२ मध्ये ब्रनोच्या इल्युजन सॉफ्टवर्क्सचा 'मॅफिया'. आमच्या पिढीतल्या अनेकांनी 'मॅफिया' रस्त्यावर मिळणाऱ्या सीडीवरून खेळलाय, आणि तो चेक आहे याचा त्यात मागमूसही नव्हता. तीसच्या दशकातलं काल्पनिक अमेरिकन शहर, इटालियन गुंड. जगाला विकायचं तर जगाच्या ओळखीचं दाखवा, हा धडा सगळ्या लहान प्रदेशांना लवकर शिकावा लागतो. बंगलोर-पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

तरी प्रदेश कुठून ना कुठून डोकावतोच. बोहेमियाच्याच २००९ च्या 'आर्मा २' मध्ये 'चेर्नारुस' नावाचा काल्पनिक देश आहे. पाट्या रशियन लिपीत, नावं रशियन धाटणीची. पण डोंगर, नदी, गावं कुठली? उत्तर बोहेमियातल्या उस्ती नाद लाबेम भागातली, साधारण २२५ चौरस किलोमीटर, खऱ्या भूगोलावरून उतरवलेली. २०१२ मध्ये याच नकाशावर 'डेझी' आला आणि काही महिन्यांत दहा लाखांहून जास्त लोक त्या टेकड्यांवर झोंबींपासून पळू लागले. जगभरच्या खेळाडूंना चेक खेड्यातली पायवाट पाठ झाली, पण पायवाटेवरची पाटी रशियन. नंतर काही चाहते खरोखर ती गावं बघायला गेले.

शेवटी २०१८ मध्ये प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' काढला आणि पाटीसुद्धा खरी लावली. सन १४०३, बोहेमिया, लोहाराचा पोरगा, ड्रॅगन नाही की जादू नाही. प्रकाशकांना हे पटेना, म्हणून २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. मागितले तीन लाख पौंड, मिळाले अकरा लाखांच्या वर. गेम जोरात खपला. आता गंमत बघा. २००२ च्या 'मॅफिया'तले अमेरिकन गुंड चेक आवृत्तीत फर्मास चेक बोलत होते. आणि २०१८ मधले अस्सल बोहेमियन शेतकरी जगासमोर आले ते इंग्रजी बोलत. चेक खेळाडूंना स्वतःच्या इतिहासाचा गेम आला तेव्हा उपशीर्षकं वाचून खेळावा लागला. चेक आवाज मिळाले ते २०२५ मध्ये दुसऱ्या भागाला.

त्या गेमवर वादही झाला. पहिल्या भागात बोहेमियाबाहेरून आलेले कुमान लोक बहुतेक शत्रू म्हणूनच भेटतात. 'आमचा इतिहास दाखवतोय' असं म्हणताना 'आम्ही' म्हणजे कोण, हा प्रश्न उठला आणि तो काही फालतू नव्हता. दुसऱ्या भागात कुमान माणसासारखे भेटतात, कुटेनबर्ग शहरातली ज्यूंची वस्ती येते, भटके येतात. लहान संस्कृतीच्या पोटात आणखी लहान संस्कृती असतात. मराठीला हिंदी-इंग्रजीपुढे जागा हवी असते, तशीच वऱ्हाडीला पुणेरीपुढे आणि गोंडीला वऱ्हाडीपुढे.

हे सगळं वाचताना मला राहून राहून वाटत होतं, स्पेक्ट्रम आपल्याकडेही होता की! ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने तो परवाना घेऊन विकला. १९८४ च्या सरकारी 'क्लास' योजनेत शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. यंत्र साधारण तेच. पण आपल्या पोरांसमोरची अडचण वेगळी होती. चेक अक्षराची टोपी उडवली तर अक्षर उरतं. देवनागरीची वेलांटी, मात्रा, रफार, जोडाक्षरं उडवली तर काय उरणार? २१ मोकळ्या जागांमध्ये 'क्ष'पर्यंत तरी पोचलो असतो का? पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीवर देवनागरी दाखवायला लागलं तो खर्च घरगुती नव्हता. विंडोजमध्ये देवनागरी नीट आली ती २००० सालच्या आवृत्तीपासून. कॉम्प्युटर आला तेव्हाच त्याच्याशी इंग्रजीत बोलायची सवय लागली, आणि ती जायला तयार नाही.

आज आपल्याकडे गेम बनत नाहीत असं नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली होती, तरी चिकाटीने पूर्ण केला. मंदिरं, हवेल्या, दुर्गा, विष्णू, सगळं देखणं. निवेदन मूळ इंग्रजीत, हिंदी आवाज २०२२ च्या आवृत्तीत आला. त्यांना दोष नाही, जगात विकायचं तर हाच रस्ता आहे. दुसरीकडे खेळणाऱ्यांनी आपली भाषा केव्हाच आत घुसवलीय. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर 'काउंटर-स्ट्राइक' चालायचा तेव्हा नकाशातल्या कोपऱ्यांना मराठी नावं होती. एका अरुंद गल्लीला 'बोळ', आणि एका खिडकीला जे नाव होतं ते इथे लिहिता येणार नाही. आज मोबाइल गेमचे मराठीत थेट समालोचन करणारे कितीतरी आहेत. म्हणजे बोलणारे आहेत, ऐकणारे आहेत. खेळ तेवढा दुसऱ्याचा.

आणि इथेच मला जरा टोचतं. दिवसभर मी ज्यांच्यासाठी कोड लिहितो ते सातासमुद्रापार बसलेत. त्यांची टॅक्सची नियमावली मला पाठ आहे. माझ्या गावच्या चौकावर, तिथल्या बोलीत, तिथल्या लोकांसाठी मी कोडची एक ओळ लिहिलेली नाही. माझ्या ओळखीच्या चाळीस इंजिनियरांपैकी कोणीच नाही. फुकाकडे ४८ केबी होते आणि अधिकृतपणे काहीच नव्हतं. आपल्याकडे युनिकोड आहे. 'ट्वाइन'सारखं साधन २००९ पासून फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी बिनबोभाट घेतं, आणि त्यात टेक्स्ट गेम करायला प्रोग्रॅमिंगही फारसं लागत नाही. चित्रकार नको, पैसे नकोत. तीस खेळाडू पुरतात.

विषय काय घ्यायचा हे तुमचं तुम्ही बघा. एसटी स्टँडवर शेवटची गाडी चुकली. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला तलाठी ऑफिसात गेलो, आणि कुठल्याही दिशेला गेलं तरी गेम ओव्हर. शातोखिनइतके मरण्याचे प्रकार तिथे सहज निघतील. फक्त त्यात 'एक गाव होतं' असं लिहू नका. गावाचं नाव घाला, चहाच्या टपरीवाल्याचं आडनाव घाला, तारीख घाला.

आणि कोणी केलाच, तर फाइल पाठवा राव. पहिल्या तिसांत माझं नाव धरून ठेवा.